कोरड्या विहिरीचा क्रमांक

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सकाळी सहाला घरातून निघायचे, कारण साडेदहानंतर बालाघाटाच्या त्या उतारावर उभं राहवत नाही. सोबत सुताची जाड दोरी, तिच्या टोकाला बांधलेला लोखंडी नट, टेप आणि वही. विहिरीच्या काठावर पालथं पडून दोरी खाली सोडायची. नट पाण्याला लागला की आवाज येतो, तळाला टेकला की दोरी सैल पडते. मग वर ओढून ओला झालेला भाग टेपनं मोजायचा, तेवढंच त्या विहिरीतलं पाणी. कोरड्या विहिरीत मात्र नट दगडावर खणकन आपटतो आणि दोरी नुसती धुळीनं माखून वर येते.

गाव अंबाजोगाई तालुक्यातलं. नाल्याचं खोलीकरण होऊन तीन पावसाळे गेले होते. माझ्या पीएचडीच्या एका प्रकरणातला प्रश्न सरळ होता: नाल्याकाठच्या विहिरींत मेअखेर माळाकडच्या विहिरींपेक्षा जास्त पाणी राहतं का, आणि राहत असेल तर किती? गावात विहिरी पुष्कळ आहेत. पण बऱ्याच जणांनी बोअरचं पाणी विहिरीत सोडून साठवलेलं असतं आणि तिथून मोटरनं पुढं दिलेलं असतं. ते पाणी त्या विहिरीचं नव्हेच. अशा सगळ्या वगळल्यावर चौदा उरल्या, सात नाल्याकाठच्या आणि सात माळाकडच्या.

नाल्याकाठचे आकडे फुटांत असे आले: ०, २, ३, ४.५, ६, ९ आणि २२. माळाकडचे: ०, ०, ०, १, १.५, २ आणि ५.

वहीत हे दोन रकाने शेजारी शेजारी लिहिले तेव्हाच उत्तर दिसतंय असं वाटलं होतं. नाल्याकाठची सरासरी ६.६ फूट, माळाकडची १.४ फूट, फरक सव्वापाच फुटांच्या आसपास. सरांना दाखवलं तर त्यांनी आधी २२ वर बोट ठेवलं. ही एक विहीर सगळी सरासरी ओढून नेतेय, म्हणाले. खरंच होतं. सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट दोन गटांचा पसारा वेगवेगळा धरून लावली तर फरकाचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्यात असू शकतो तो अंतराल, उणे दीड फुटापासून १२ फुटांपर्यंत पसरला. म्हणजे ज्या विहिरीत सगळ्यांत जास्त पाणी, तिच्याचमुळं नाल्याकाठी पाणी जास्त आहे हे म्हणणं कच्चं पडत होतं! एका आकड्यानं पसारा इतका वाढवला की शून्यही त्या अंतरालात आलं.

‘आउटलायर म्हणून काढून टाक’ हा सल्ला मला तीन जणांनी दिला. मी काढली नाही. ती विहीर मी स्वतः मोजली होती, दोनदा. तिला दक्षिणेच्या अंगाला मोठा झरा आहे, मालकानं हात करून दाखवला होता. खरं मोजलेलं पाणी गणिताला जड जातं म्हणून पुसायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

सर म्हणाले, ‘मग रँकवर जा. फूट बाजूला ठेव, क्रमांक बघ.’

ही कल्पना मला फार आवडली. चौदाही विहिरी पाण्याच्या चढत्या क्रमानं एका रांगेत उभ्या करायच्या आणि कोणत्या गटाच्या विहिरी रांगेत पुढं आहेत ते बघायचं. सगळ्यांत वरच्या विहिरीत २२ फूट असो की १२, तिचा क्रमांक चौदावाच. ही पद्धत १९४५ मध्ये फ्रँक विलकॉक्सन यांनी मांडली. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ, कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं हा त्यांच्या कामाचा भाग. औषध मारलेल्या आणि न मारलेल्या वाफ्यांची तुलना करणाऱ्या माणसाला असं सोपं हत्यार लागणारच. १९४७ मध्ये मान आणि व्हिटनी यांनी तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं मांडली: इकडची एक विहीर घ्या, तिकडची एक घ्या, कोणती वरचढ ते बघा, अशा सगळ्या जोड्या मोजा. सात गुणिले सात, माझ्या एकोणपन्नास जोड्या.

त्या वेळी मला कुठलंच सॉफ्टवेअर येत नव्हतं. प्रबंधाचं डेटा ॲनालिसिस करून देणारं एक दुकान ओळखीच्यांनी सुचवलं, तिथं आकडे दिले. चार दिवसांनी स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल हातात आला. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा तक्ता होता: मान-व्हिटनी यू ९, विलकॉक्सन डब्ल्यू ३७, झेड उणे २.००५, पी-व्हॅल्यू ०.०४५. पी-व्हॅल्यू म्हणजे गटांत खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली असली की फरक लक्षणीय म्हणायची प्रथा आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘फरक लक्षणीय आहे.’ मी ते घेऊन आनंदानं सरांकडं गेले.

त्यांनी एकच विचारलं, ‘लक्षणीय म्हणजे किती फूट?’

अहवालात फूट कुठंच नव्हते. एका पिकाला पाणी पुरेल की नाही हे फुटांवर ठरतं, पी-व्हॅल्यूवर ठरत नाही. दुकानात फोन केला तर समोरून उत्तर आलं, ‘मॅडम, रँकच्या टेस्टमध्ये इंटरव्हल नसतो.’ हे साफ चुकीचं होतं. पण तेव्हा ते चुकीचं आहे हे सांगण्याइतकं मला माहीत नव्हतं. त्या रात्री ठरवलं की हे आपणच शिकायचं.

मग लॅपटॉपवर आर नावाचं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते सुरू केलं, आणि ते आजही फुकट मिळतं. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी ही किती मोठी गोष्ट आहे! ॲनालिसिसचं बिल भरताना मुलांचे चेहरे मी पाहिलेत.

पहिल्या आज्ञेलाच लाल अक्षरांत चूक आली: एक्स हा आकड्यांचा असायला हवा. माझे सगळे आकडेच तर होते! अर्धा तास डोकं खाजवल्यावर दिसलं की एक्सेलच्या शीटमध्ये मी कोरड्या विहिरींसमोर ‘कोरडी’ असा शब्द टाकला होता. एका शब्दानं सगळा रकाना मजकूर होऊन बसला होता. म्हणून तो शब्द पुसला आणि ते खण मोकळे सोडले. या वेळी उत्तर आलं. डब्ल्यू २०.५.

माझी सगळ्यांत मोठी चूक हीच. मोकळा खण म्हणजे ‘मोजलंच नाही’, असा आरचा समज, आणि तो रास्त आहे. त्यानं ते खण गुपचूप बाजूला ठेवले. चारही कोरड्या विहिरी, माळाकडच्या तीन आणि नाल्याकाठची एक, गणितातून गेल्या. निकालात किती विहिरी धरल्या हे कुठं छापून येत नाही, त्यामुळं कळायला मार्ग नव्हता. मला कळलं ते वहीमुळं. मी हातानं जोड्या मोजत बसले होते: नाल्याकाठची वरचढ तर एक, बरोबरी झाली तर अर्धा. माझी बेरीज येत होती ४० आणि आर म्हणत होता २०.५. एकोणपन्नास जोड्यांपैकी त्यानं फक्त चोवीसच पाहिल्या होत्या.

ज्या विहिरींसाठी हा सगळा खटाटोप, त्याच बाहेर. मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं. कोरडी विहीर ही आकड्यातली उणीव नाही, ते मोजमाप आहे. दोरी खाली गेली होती, नट तळाला आपटला होता, पाणी शून्य होतं. चारही खणांत ० लिहिलं.

आता डब्ल्यू ४० आला, माझ्या वहीशी जुळला. पण पी-व्हॅल्यू आली ०.०५२. आणि खाली इशारा: बरोबरीचे आकडे असल्यामुळं अचूक पी-व्हॅल्यू काढता येत नाही.

दुकानाच्या अहवालात यू ९, माझ्याकडं डब्ल्यू ४०. तिकडं ०.०४५, इकडं ०.०५२. एकीकडं ‘लक्षणीय’, दुसरीकडं नाही. आकडे तेच, गाव तेच, विहिरी त्याच. दोन रात्री झोप लागली नाही, आपण पुन्हा काहीतरी चुकवलं असं वाटत राहिलं.

पहिला उलगडा वहीच्या कोपऱ्यात झाला: ९ अधिक ४० म्हणजे ४९. एका बाजूनं नाल्याकाठच्या विहिरी किती जोड्यांत वरचढ हे मोजलेलं, दुसऱ्या बाजूनं माळाकडच्या. आणि तक्त्यातला डब्ल्यू ३७ ही माळाकडच्या सात क्रमांकांची नुसती बेरीज. आर ज्याला डब्ल्यू म्हणतो तो मान-व्हिटनीचा यू असतो, एसपीएसएस ज्याला डब्ल्यू म्हणतो ती क्रमांकांची बेरीज. अक्षर एक, अर्थ दोन. पहिल्यांदा हे करणाऱ्या प्रत्येकानं एवढं तरी आधी समजून घ्यावं, म्हणजे माझ्या दोन रात्री त्याच्या वाट्याला येणार नाहीत.

पी-व्हॅल्यूचा घोळ सुटायला जास्त वेळ लागला. जोड्या पायऱ्यापायऱ्यांनी मोजल्या जातात आणि त्यांच्यावर घंटेच्या आकाराची गुळगुळीत वक्ररेषा बसवली जाते. त्या बसवण्यातली तफावत भरून काढायला आर आपणहून फरकातून अर्धा वजा करतो, म्हणून ०.०५२. तो अर्धा वजा केला नाही तर ०.०४५. अहवाल पुन्हा उघडला तर त्याच तक्त्यात शेवटच्या ओळीत ‘एक्झॅक्ट’ म्हणून ०.०५३ छापलेलं होतं आणि तळटीप होती की बरोबरीसाठी दुरुस्ती केलेली नाही. सॉफ्टवेअरनं दोन्ही आकडे इमानानं दिले होते. अहवाल लिहिणाऱ्यानं ०.०५ च्या खालचा तेवढा उचलला.

शेवटी कॉइन नावाचं आरचं पॅकेज घेतलं. ते बरोबरी असतानाही वक्ररेषेचा आधार न घेता सगळ्या शक्यता मोजतं. चौदा विहिरींतल्या कोणत्याही सात नाल्याकाठच्या धरायच्या तर ३,४३२ प्रकार होतात. त्यांतल्या १६० प्रकारांत फरक माझ्याइतका किंवा त्याहून टोकाचा येतो, दोन्ही बाजू धरून. पी-व्हॅल्यू ०.०४७.

चार वाटा आणि चार आकडे: ०.०४५, ०.०४७, ०.०५२, ०.०५३. ते बघितल्यावर ०.०५ या रेघेबद्दलचा माझा धाक गेला. विहिरींतलं पाणी इंचभरही बदललं नव्हतं, मोजणीची रीत तेवढी बदलत होती. प्रबंधात मी ०.०४७ लिहिलं, कारण इतक्या थोड्या विहिरी आणि इतक्या बरोबऱ्या असताना सगळे प्रकार मोजणंच मला योग्य वाटलं. पण खाली ०.०५२ सुद्धा लिहिलं, म्हणजे सोयीचा आकडा निवडला असं कुणाला वाटायला नको.

आता फूट. विलकॉक्सनच्या त्याच आज्ञेत कॉन्फिडन्स इंटरव्हल हवा असं एक शब्द वाढवून सांगितलं की आर अंदाजही देतो आणि अंतरालही. अंदाज आला ३ फूट, मागे दशांशांची लांब शेपटी. हा ३ कुठून आला? नाल्याकाठच्या विहिरींचा मध्यक ४.५, माळाकडच्यांचा १, फरक साडेतीन. मला साडेतीन यायला हवे होते.

पुन्हा वही. आखीव कागदावर सात आडव्या, सात उभ्या रेघा ओढल्या. डाव्या बाजूला नाल्याकाठचे आकडे, वरती माळाकडचे, प्रत्येक खणात वजाबाकी. २२ वजा ५ म्हणजे १७. ३ वजा ५ म्हणजे उणे २. असे एकोणपन्नास खण भरले. मग ते सगळे लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लिहिले आणि मधला, पंचविसावा शोधला. ३!

हॉजेस आणि लेहमन यांनी १९६३ मध्ये मांडलेला अंदाज तो हाच. दोन मध्यकांची वजाबाकी वेगळी आणि सगळ्या वजाबाक्यांचा मध्यक वेगळा. आरच्या मदतपानावरही लिहिलंय की हा गैरसमज सर्रास होतो. मी ते पान आधी वाचलं होतं, पण डोक्यात उतरलं ते एकोणपन्नास खण भरल्यावर.

अंतरालही त्याच ओळीत सापडला. सात-सातच्या गटांसाठी दोन्ही टोकांकडून नववा आकडा घ्यायचा. खालून नववा ०, वरून नववा ९. आरनं दिलेल्या सीमाही दशांशांची शेपटी सोडली तर याच होत्या. याचा अर्थ मी स्वतःला असा समजावला: नाल्याकाठच्या प्रत्येक विहिरीतून ठरावीक फूट पाणी मनातल्या मनात उपसायचं आणि दोन्ही गट पुन्हा ताडून बघायचे. तीन फूट उपसले तर दोन्ही गट जवळपास सारखे. नऊपेक्षा जास्त उपसले तर मात्र माळाकडचं पाणी इतकं वरचढ दिसू लागतं की ते योगायोगानं झालं म्हणता येत नाही. ज्या फुटांवर दोन्ही गट अजून जुळू शकतात, त्यांचा पट्टा म्हणजे हा अंतराल.

आणि मग २२ च्या जागी १२ टाकून बघितलं. सरासरीतला फरक ५.३ वरून ३.९ वर घसरला. क्रमांकांचं उत्तर जागचं हललं नाही: अंदाज ३, अंतराल ० ते ९. ती विहीर गणितात राहिली, पण बाकीच्या तेरा जणींवर तिची दादागिरी राहिली नाही.

सरांसमोर कागद ठेवला. त्यांनी बराच वेळ खणांतून बोट फिरवलं. ‘शून्य ते नऊ हा फार मोठा पट्टा आहे,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘हो सर, चौदाच विहिरी आहेत.’ ‘मग तसंच लिही.’ मी लिहिलं: मेअखेर नाल्याकाठच्या विहिरींत साधारण ३ फूट पाणी जास्त आढळलं, पण फरक अगदी नगण्य असण्यापासून ९ फुटांपर्यंत असू शकतो. शिवाय दोन्हीकडची एकेक विहीर कशीही उचलली तर बरोबरी अर्धी धरून ४९ पैकी ४० जोड्यांत नाल्याकाठची वरचढ, हेही घातलं. हे वाक्य मला सगळ्यांत खरं वाटतं. कारण सगळ्या विहिरींत सारखंच तीन फूट वाढलं असं मानायला कोरड्या विहिरी तयार नाहीत, त्या शून्याखाली जाऊच शकत नाहीत.

दिवाळीनंतर गावात गेले तेव्हा तो खणांचा कागद सोबत होता. माळाकडच्या एका काकांनी चहा व्हायच्या आतच विचारलं, ‘ताई, आमची कोरडीच होती. ती धरली का सोडून दिली?’

‘धरली, काका.’ त्यांचा रकाना दाखवला. त्यांच्या शून्याखाली सात आकडे: ०, २, ३, ४.५, ६, ९, २२. नाल्याकाठच्या सातही विहिरींशी त्यांच्या विहिरीची केलेली वजाबाकी. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला आणि प्रत्येक आकड्यावर विहिरीच्या मालकाचं नाव घेतलं. एकही चुकलं नाही.

मग म्हणाले, ‘पन नाला खोल करायच्या आधी बी त्या कडंला आमच्यापेक्षा पानी जास्तच असायचं की.’

सरांनी आणि मी मिळून चार महिने केलेल्या गणितातली सगळ्यांत मोठी फट त्यांनी चहाचा कप हातात घेताना दाखवली. आधीच्या मे महिन्यांचे आकडे माझ्याकडं नव्हते, गावातही कुणाकडं नव्हते. जास्तीचं पाणी खोलीकरणाचं की त्या काठाचंच, हे माझ्या एकोणपन्नास खणांतून कळणार नव्हतं.

‘किती जास्त असायचं, काका?’

‘किती फूट ते न्हाई सांगता येनार. पन कुनाची आधी आटायची अन् कुनाची मागून, ते इचारा. समद्यांला पाठ हाय.’

मी वहीचं कोरं पान काढलं, वर ‘खोलीकरणाआधी’ असं लिहिलं आणि खाली एक ते चौदा आकडे टाकले. पहिलं नाव त्यांनी स्वतःचंच सांगितलं.